सासूबाईंचे तळपाय

परंदवडी, ६ ऑगस्ट २०२४

चि. सौ. प्रेरणा हिस थोरल्या जावेचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू गोड बोलून मला गप्प करतेस, म्हणून लिहिते आहे. सासूबाई आठ दिवसांसाठी म्हणून लोणावळ्याला तुमच्याकडे आल्या, त्याला आता महिना होईल. माझ्या पिंकीने परवा फोनवर विचारलं तर तिला म्हणाल्या, धाकटीच्या हाताला लय गुण हाय, तिनं अंगठा दाबला की डोकं हलकं व्हतं.

बावीस वर्षं मी रोज संध्याकाळी काशाच्या वाटीने त्यांचे तळपाय घासते आहे, मनगट भरून येईपर्यंत. त्या जरा जोरात घास म्हणायच्या, चांगलं असं कधी म्हणाल्या नाहीत. तू खंडाळ्याच्या हॉटेलात तीन महिने पाय दाबायला शिकलीस आणि लगेच गुण आला. त्या रिफ्लेक्सॉलॉजीत एवढं आहे तरी काय? माझा जळफळाट होतो, लपवत नाही.

गणपतीच्या आत त्यांना आणून सोड. माझ्यावर लोभ ठेव, पण सासूबाईंना ठेवून घेऊ नकोस.

नंदाबाई

लोणावळा, ११ ऑगस्ट २०२४

ती. सौ. नंदाताईंना शि. सा. न. वि. वि.

विचारलंत म्हणून सांगते. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका डॉक्टरने डोक्यापासून पायापर्यंत अंगाचे दहा पट्टे मानले. पुढे तिथल्याच एका बाईने तळपायाचा नकाशा केला, अंगठ्यात डोकं, मधल्या खळग्यात पोट असा. दमलेल्या माणसाला बरं वाटतं, झोप लागते, पण आजार जात नाही, हे आम्हाला शिकवणाऱ्या बाईंनीच सांगितलं होतं.

पुढचं वाचून वाईट वाटेल. गुरुवारी पाय दाबताना दारात गॅसवाला आला म्हणून मी मध्येच उठले. परत आले तर सासूबाई डोळे मिटून म्हणतच होत्या की हां, तितंच, लय बरं वाटतंय. मी बोटही न लावता बसून राहिले, तरी त्यांचं चालूच.

डॉक्टरांना दाखवलं. साखरेमुळे तळपाय बधिर झालेत, दोन-तीन वर्षं तरी झाली असतील म्हणाले. त्यांना ना माझा अंगठा कळत होता, ना तुमची वाटी. आता दाबणं बंद केलं आहे. का लपवलंत विचारलं तर रडल्या. पाय मेलेत म्हटलं असतं तर सुना जवळ बसल्या असत्या व्हय, म्हणाल्या.

ताई, तुमच्यापेक्षा माझा हात त्यांना आवडला म्हणून मी महिनाभर मनातून खूश होते. रागवा, पण माया आटू देऊ नका.

प्रेरणा

परंदवडी, १६ ऑगस्ट २०२४

चि. सौ. प्रेरणा हिस आशीर्वाद. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. तुझ्यावरचा राग गेला, तो सगळा माझ्यावरच आला. वाटी फिरवताना माझं लक्ष टीव्हीवर असायचं. अर्धा तास झाला की उठायचे. जरा जोरात घास म्हणून त्या मला जवळ थांबवून घेत होत्या, आणि मला वाटायचं, खोट काढतात.

गोकुळाष्टमी झाली की मीच न्यायला येते. पिंकीने त्यांच्यासाठी मऊ तळाच्या चपला आणल्यात. इथे आल्या की मी रोज जवळ बसेन, हाताला काम नसलं तरी.

तोवर एवढं खरं खरं कळव. दाबणं बंद झाल्यावर त्या तुला रोज किती वेळ बसवून घेतात? अर्ध्या तासाच्या वर जात असेल तर गोकुळाष्टमीचीही वाट बघणार नाही.

लोभ आहेच.

नंदाबाई