सहा बांगड्या आणि एक बिजागरी

१ ऑक्टोबर, मंगळवार

आजपासून रोजनिशी. कुणालाही दाखवायची नाही.

कारण : यंदा घरातली जकात मी काढणार. आजवर अम्मी काढायची. बोटांच्या पेरांवर मोजायची आणि बेरीज कुठे अडलीच तर सरळ वरचा आकडा धरायची. बाई मोठ्या मनाची, पण हिशेबात कच्ची. गेल्या वर्षी २० ऑक्टोबरला ती गेली आणि तिच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आली. आत सोन्याच्या सहा बांगड्या.

नियम सोपा आहे. ठरावीक मर्यादेच्या वर संपत्ती असेल आणि तिच्यावर वर्ष उलटलं, तर चाळिसावा हिस्सा गरिबाचा. म्हणजे २० तारखेला बांगड्यांचं वर्ष भरणार. द्यायला माझी काहीच हरकत नाही, माझा स्वभावच देणाऱ्याचा. फक्त हिशेब काटेकोर हवा. एक पैसा कमी नाही, एक पैसा जास्त नाही. जास्त तर नाहीच.

३ ऑक्टोबर, गुरुवार

दुकानातला माल मोजला. कुलपं, कड्या, तिजोरीचे खटके. मालाची किंमत आजच्या विक्रीच्या भावाने धरायची असते. पण विक्री होईल तर भाव! हल्ली लोक अंगठा लावून दार उघडतात. पितळी सात लिव्हरचं कुलूप घेणार कोण? ते भंगाराच्या दराने धरलं.

एवढ्यात एक गिऱ्हाईक आलं आणि त्यातलीच दोन कुलपं घासाघीस न करता घेऊन गेलं. अपवाद. धरला नाही.

येणं : एका कॉन्ट्रॅक्टरकडे चाळीस दारांच्या कुलपांचे पैसे. बुडीत धरले. संध्याकाळी त्याचाच फोन, पुढच्या आठवड्यात सगळे देतो म्हणाला. बुडालेला माणूस असा मध्येच तरंगायला लागला की हिशेब बिघडतो.

५ ऑक्टोबर, शनिवार

आपा आली होती. माझी मोठी बहीण. मेहुणे गेल्यापासून एकटी. एका दवाखान्यात केसपेपर काढते. घरमालकाने डिपॉझिट वाढवलंय, महिनाअखेर भरा नाहीतर खोली सोडा म्हणतोय. तिने मागितलं काहीच नाही. नुसती कप फिरवत बसली. मागायची वेळ मीच येऊ दिली नाही. तिला माझी परिस्थिती सविस्तर सांगितली. धंदा बसलाय, दुकानावर कर्ज, मुलांच्या फिया, माझे गुडघे. सांगता सांगता माझेच डोळे भरून आले. तिचेही आले. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, तब्येतीला जप, काही लागलं तर परक्यासारखा गप्प राहू नकोस. अर्धा चहा तसाच ठेवून गेली.

संकल्प : यंदाची जकात आपालाच. बहिणीला देता येते, उलट पुण्य दुप्पट. माझ्या हिशेबाने जी रक्कम निघते, तीत डिपॉझिटचा चौथा भागही होत नाही. पण भावना महत्त्वाची. तिला आत्ता सांगितलं नाही. सरप्राइज.

९ ऑक्टोबर, बुधवार. दुपारी पावणेचार

जेवायला घरी आलो, जरा पडलो. उठून पाहतो तर अम्मीच्या कपाटाचं दार वीतभर उघडं.

कुलूप मीच बसवलंय, दुकानातलं सगळ्यात भारी. वाकून पाहिलं. खटका पूर्ण बाहेर. म्हणजे कुलूप लागलेलं आणि दार उघडं. तीस वर्षं या धंद्यात आहे, असं होत नाही.

बांगड्या मोजल्या. सहा. आतून तिच्या गुडघ्याच्या मलमाचा वास आला. वर्ष झालं ती डबी फेकून. लाकूड वास धरून ठेवतं.

निष्कर्ष : बिजागरी.

१० ऑक्टोबर, गुरुवार

आज पुन्हा. तीच वेळ. असरची नमाज झाली की अम्मी या वेळी कपाट उघडायची आणि कुणाकुणाला काय द्यायचं ते काढून ठेवायची. योगायोग.

सुतार बोलावला. त्याने बिजागऱ्या हलवून पाहिल्या, म्हणाला, अशा भक्कम बिजागऱ्या आता मिळत नाहीत. पैसे मात्र घेतले. जाताना विचारलं, आतल्या खोलीत आजारी कोण आहे? दोनदा खाकरल्याचा आवाज आला म्हणे.

आतल्या खोलीत कोणी नव्हतं. शेजारच्या घरातून आला असेल, असं सांगितलं. शेजारचं घर जूनपासून रिकामं आहे, हे त्याला सांगायची गरज नव्हती.

काही मागायचं असलं की अम्मी आधी दोनदा खाकरायची. सगळ्याच म्हाताऱ्या खाकरतात.

१२ ऑक्टोबर, शनिवार

कपाटाला बाहेरून कडी ठोकली. तिला सात लिव्हरचं पितळी कुलूप. हे कुलूप आता घरच्या वापरात, म्हणजे दुकानाच्या मालातून वजा. तेवढाच फायदा.

पावणेचारला दार उघडं. पितळी कुलूप कडीत, कडी चौकटीच्या बाजूला, जशी लावली तशी. बायकोला हाक मारून दाखवलं. तिने दार शांतपणे लोटलं आणि म्हणाली, काहीतरी राहिलं असेल त्यांचं. मी म्हणालो, सगळं व्यवस्थित केलंय, दफन, दुआ, सगळं. यावर तिने विचारलं, आपांच्या खोलीचं काय झालं? कशात काय. बायकांना विषयाला धरून बोलता येत नाही.

१४ ऑक्टोबर, सोमवार

दुकानात पाटीला लटकवलेली कुलपं हलत होती. वारा नव्हता. पंखाही बंद होता, विजेचं बिल वाचवायला मीच बंद ठेवतो. ट्रक गेला असेल.

आज उगाच हॉस्पिटल आठवलं. अम्मीचे हात सुजले होते, साबण लावून बांगड्या मीच काढल्या. तिची वाचा गेली होती. तिने बांगड्यांकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या आपाकडे पाहिलं आणि मला दोन बोटं दाखवली. मी दोन चमचे पाणी पाजलं. तिने मान हलवली, पुन्हा दोन बोटं. पुन्हा दोन चमचे. असं बरंच पाणी प्यायली बिचारी. शेवटी तिने डोळे मिटून घेतले. तहान भागली असणार.

त्या दिवशी मी तिच्यासाठी करता येईल तेवढं केलं. हे इथे लिहून ठेवतो.

१६ ऑक्टोबर, बुधवार

मार्ग सापडला! समोरच्या चष्मेवाल्याने सांगितला, त्याचे मामा दरवर्षी करतात. वर्ष भरायच्या आधी सोनं बायकोला बक्षीस द्यायचं. माझं वर्ष तिथेच तुटलं. तिचं नवं सुरू. पुढच्या वर्षी तिचं भरायच्या आधी तिने मला परत द्यायचं. सोनं घरातच, आणि वर्ष कुणाचंच भरत नाही. नियमाला कुठेही धक्का नाही. हे मला आधी कसं सुचलं नाही.

आपाचं? तिला खिशातून काहीतरी देईन. खिसा पाहिला. उद्या पाहू.

दार रोजच्यासारखं. आता मी त्या वेळी घरी येणं टाळतो. दुकानात कामं असतात.

१९ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी

काम फत्ते. वर्ष भरायला एक दिवस बाकी असताना बायकोला समोर बसवलं आणि जाहीर केलं, या बांगड्या आजपासून तुझ्या. ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. लग्नाला बावीस वर्षं झाली, असं काही कानावर पडायची सवय नाही तिला. मग म्हणाली, कबूल, पण बक्षीस हातात आल्याशिवाय पुरं होत नाही, किल्ली द्या. दिली. दोन्ही.

मन हलकं झालं.

तोच दिवस, संध्याकाळी

बायको दुपारी बाहेर जाऊन आली. हातात चार बांगड्या. बाकीच्या दोन कुठे, विचारलं. आपांकडे पोचवल्या म्हणाली. अम्मीला एक मुलगा, एक मुलगी. मुलाचे दोन वाटे, मुलीचा एक. सहांतल्या दोन पहिल्या दिवसापासून आपांच्या होत्या, तुमच्या नव्हत्याच तर तुम्ही मला देणार कशा, असं तिने भाजी निवडता निवडता विचारलं.

मी म्हणालो, वाटणी करायचीच होती, वेळ मिळाला नाही. ती म्हणाली, म्हणून तर मी केली.

उरलेल्या चार कपाटात ठेव म्हणालो. दिलेलं बक्षीस परत घेणं शोभत नाही म्हणाली. घालूनच बसली आहे. ती इकडून तिकडे गेली की आवाज येतो. डोळे मिटून ऐकलं तर अम्मी घरात वावरतेय असं वाटतं. मी डोळे मिटत नाही.

आज पावणेचारला दार बंद होतं.

२० ऑक्टोबर, रविवार

मौलवीसाहेबांकडे गेलो. बांगड्यांवर जकात बसत नाही यावर त्यांचा शिक्का हवा होता. वर्ष भरायच्या आदल्या दिवशीच बायकोला दिल्या, असं सांगितलं. त्यांनी माझ्या नीयतीबद्दल, म्हणजे हेतूबद्दल, काहीतरी सुनावलं, ते लिहीत नाही. मग विचारलं, वर्ष कुठल्या कॅलेंडरने मोजलंत? मी म्हणालो, दुकानातल्या.

जकातीचं वर्ष चंद्राचं असतं म्हणाले. ते अकरा दिवस आधी भरतं. तुमच्या अम्मींना जाऊन चंद्राचं वर्ष नऊ तारखेलाच झालं, तेव्हा चार बांगड्या तुमच्याच होत्या, त्यांची जकात तुमच्यावरच. आता बांगड्या नाहीत हा तुमचा प्रश्न. दुकानाचा मालही भंगाराच्या नव्हे, विक्रीच्या भावाने धरा.

मी शेवटचं सांगून पाहिलं, की जकात मी सख्ख्या बहिणीलाच देणार होतो, ती गरजू आहे. ते म्हणाले, तिचा वाटा वर्षभर तुमच्या कपाटात होता. ती गरजू होती ती तुमच्यामुळे.

घरी येऊन रोजनिशी मागे उलटली. नऊ तारीख, बुधवार. दार पहिल्यांदा उघडलं तो दिवस.

हात थंड पडले होते. पंखा फार जोरात होता.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

कॉन्ट्रॅक्टरने सगळे पैसे आणून दिले. टाळाटाळ करणारी माणसं नेमकी कधी सुधारतील सांगता येत नाही. आता हिशेब पक्का झाला. रक्कम बघून पाणी प्यायलो.

संकल्प : उद्या देऊन टाकायची.

२३ ऑक्टोबर, बुधवार

उद्या.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

आज देणार होतो, पण घाईघाईत चुकीच्या माणसाला जायला नको. योग्य गरजू शोधणं ही मोठी जबाबदारी आहे. उद्यापासून शोध.

कपाट सहा दिवस बंद. बिजागरी आपोआप बसली. मी म्हटलंच होतं.

पावणेचारला घरी येऊन पाहून जातो. फक्त खात्रीसाठी. काल तिथेच बसून राहिलो थोडा वेळ. वास येत नाही आता. घर फार गप्प आहे.

२७ ऑक्टोबर, रविवार. दुपारी

आपा आली. एक बांगडी मोडून डिपॉझिट भरलं, खोली राहिली म्हणाली. मी वाटणीला उशीर का झाला ते समजावायला लागलो, तर तिने थांबवलं. म्हणाली, मला सगळं समजतं, तुझे दिवसच असे होते.

मग पिशवीतून एक पाकीट काढून माझ्या हातात दिलं. अम्मी गेली तेव्हापासून त्या दोन बांगड्या माझ्याच, तर त्यांचंही वर्ष झालं, म्हणून मी हिशेब केला, ही माझी जकात, असं ती म्हणाली. दवाखान्यात कितीतरी गरीब पाहते, पण त्या दिवशी तू रडलास ते डोळ्यांपुढून जात नाही. धंदा बसलेला, डोक्यावर कर्ज, होतं ते सोनंही बायकोच्या नावे करून टाकलंस. जवळच्यांत तुझ्याइतकं अडलेलं कोणी दिसलं नाही. मी कुणाला सांगणार नाही, तूही सांगू नकोस.

नको म्हणायला तोंड उघडलं. पण नको म्हणायचं तर का नको ते सांगावं लागलं असतं. तिने माझी मूठ मिटवली. लहानपणी मेळ्यात खर्चायला पैसे देताना मिटवायची तशी.

ती गेल्यावर पाकीट उघडलं. तिच्या हिशेबाच्या वरचा आकडा धरलेला होता.

तोच दिवस, संध्याकाळी

पाकीट अम्मीच्या रिकाम्या कपाटात ठेवलं. बायकोकडून किल्ल्या मागून दोन्ही कुलपं लावली. ओढून पाहिली. चूळ भरून परत आलो.

दार वीतभर उघडं. मलमाचा वास.

आज बिजागरी तपासली नाही. खाली बसलो. आतून दोनदा खाकरल्याचा आवाज आला. अम्मी, उद्या नक्की, असं मी मोठ्याने म्हणालो.

दार आणखी थोडं उघडलं.