दीपगृहाचं शेवटचं दार

३ नोव्हेंबर २००९, मंगळवार. अमरावती
भाषणाची सुरुवात जमली. ‘अकोल्याच्या त्या क्लासात एका कॉम्प्युटरसमोर दोघे-दोघे बसलेल्या माझ्या मित्रांनो, आपली कोडी कुणीतरी चोरली आहेत आणि आज आपण त्या चोरीचा सत्कार करतो आहोत.’
नितीन पुण्याहून येऊन पंधरा तारखेला जुन्या बॅचचा मेळावा भरवतोय, भाषण माझं. प्रत्येकाला ‘दीपगृह’ची सीडी आधीच पोस्टाने भेट, मेळाव्यातही कॉम्प्युटर मांडणार. आम्ही तेव्हा खेळायचो तोच साहसखेळ, नव्या रंगात. फोनवर म्हणाला, “आपले दिवस परत आले रे.” दिवस. प्लास्टिकच्या डबीतून.

५ नोव्हें.
सीडी आली. तासभर सहन केली. समुद्र आता निळा आहे, लाटांना आवाज आहे, रखवालदार नाटकातल्यासारखा बोलतो. पूर्वी काळ्या पडद्यावर दोन ओळी यायच्या, बाकी समुद्र आपला आपण करायचा. माझ्या शेजारी बसणाऱ्या रफिकने आणि मी तोवर समुद्र पाहिलाही नव्हता, तरी आमचा जास्त खरा होता.
खेळ आता आपोआप सेव्ह होतो. तेव्हा वीज कधी जाईल नेम नसायचा, म्हणून रफिक दर पाच मिनिटांनी ओरडायचा, “सेव्ह कर लेका, लाइन जाते.” हुकूम इंग्रजीत टाइप करायचे; माझं इंग्रजी बरं, म्हणून कीबोर्ड माझ्याकडे. नकाशा त्याच्याकडे, चौकटीच्या वहीत.
आणि कोपऱ्यात एक बटण. दाबलं की उत्तर. ज्यांना पाच मिनिटं अडकायचीही लाज वाटते, त्यांच्यासाठी. आमच्या क्लासचा नियम होता: ज्याला सुटलं त्याने सांगायचं नाही, ज्याला सुटलं नाही त्याने विचारायचं नाही.

८ नोव्हें., रविवार
भातकुलीला कापूसभावाची सभा. मंडप अर्धा रिकामा. एक गुळगुळीत गृहस्थ वीस मिनिटं बोलला, सार एवढंच की प्रश्न गुंतागुंतीचा आहे. मी उठून दीपगृहाची गोष्ट सांगितली. “तीन महिने एका दारापुढे बसलो, पण उत्तर कुणाला मागितलं नाही.” टाळ्या. नेहमीच येतात.


११ नोव्हें.
मूर्तिजापूरहून रफिकचा फोन. मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे त्याचं. व्होल्टेज कमीजास्त होऊन जळालेल्या पंपांच्या मोटारींचा ढीग पडलाय म्हणे.
“काय वक्ते, आवाज बसला का भाषणं करू करू?”
“तू मेळाव्याले येतो ना?”
“येतो ना. नितीनची सीडी आली. पोरीनं कॉम्प्युटरवर टाकून देली. त्याच दारापाशी बसून राहिलो मी.”
“बटण दाबलं?”
“नाई बा. पोरगी म्हनते, अब्बा, दाबा ना. मी म्हनलं, माह्या दोस्तानं बिनाबटनाचं उघडलं होतं हे दार. रविवारी निघेपर्यंत पाहतो, नाई तं दाबतो. समजलं तं पाह्यजे यार एकदा.” हसला. मग सहज म्हणाला, “तुह्यासारखं डोकं नाई आपलं. तवाच समजलं होतं. म्हनून तं सोडला क्लास.”
मी ‘बरं’ म्हणालो. भरल्या सभेत न अडखळणारा माणूस.

१२ नोव्हें.
लिहूनच टाकतो. नागपूरच्या मावसभावाने खेळाच्या उत्तरांची झेरॉक्स दिली होती. शेवटच्या दारासाठी एकच ओळ: हातातला दिवा विझवा, अंधारात भिंतीतली फट दिसेल.
हे रफिक पहिल्याच आठवड्यात म्हणाला होता. क्लासातली लाइन गेली, बंद खिडकीच्या फटीतून उन्हाची रेघ आली आणि तो म्हणाला, “दिवा विझवून पाह्य ना.” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “दीपगृहात येऊन हा दिवा विझवतो म्हणे.” क्लास हसला. माझं पहिलं यशस्वी भाषण.
झेरॉक्स आली त्या दिवशी तो नव्हता. मी दिवा विझवला आणि दुसऱ्या दिवशी त्याला उघडलेलं दार दाखवलं. कसं उघडलं, हे त्याने नियमाप्रमाणे विचारलं नाही. महिन्याभरात क्लास सोडला.
आठ दिवस त्या बटणाला शिव्या घातल्या. बटण निदान सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं.

१४ नोव्हें., शनिवार
भाषण फाडलं. झेरॉक्स जुन्या फायलीत सापडली, पिवळी पडली आहे. उद्याच्या सदऱ्याच्या खिशात ठेवली.
रफिकला दोनदा फोन केला. एकदा मागे मोटारीची घरघर, “थांब, ऐकू नाई येत.” दुसऱ्यांदा मुलीने उचलला. “अब्बा खेळापाशीच बसले, काका. देऊ का?” म्हटलं, राहू दे. कानात सांगणं मला सोपं गेलं असतं. त्याला हसणारे उद्या सगळे समोर असतील.
तो निघण्याआधी बटण दाबून, उत्तर आपलंच होतं हे कळून आला, तर माझ्याकडे बघेल का, माहीत नाही. आलाच नाही तर भाषण कुणासाठी?
तरी नवं भाषण हे. यात एक शब्द वाढवणार नाही.
‘मित्रांनो, आपण एकदा रफिकला हसलो होतो. उत्तर त्याचं होतं. मी ते या कागदावर वाचलं आणि माझं म्हणून मिरवलं. रफिक, इकडे ये. कीबोर्डवर तू बस आणि सगळ्यांसमोर तो दिवा विझव.’