आधी रेघ, मग अक्षर

प्रिय अण्णा,

जय भीम.

उद्या चौदा एप्रिल. तुमच्याशिवायची पहिलीच. बिल्डिंगच्या हॉलमध्ये न्यायचे कपकेक आज दुपारी झाले, फ्रीजमध्ये ठेवलेत, आणि तुमच्या दोन्ही नाती आंघोळीला गेल्यात. त्या बाहेर येईपर्यंत तुम्हाला एक गोष्ट सांगून टाकते. समोर असताना सांगायची राहून गेली.

खरं तर यंदा मी करणारच नव्हते. जोगेश्वरी स्टेशनजवळच्या दुकानातून बॉक्स आणू म्हटलं. तर मैत्री म्हणाली, "विकतच्यावर कुठे अक्षरं असतात?" आठ वर्षांची आहे, पण बोलते तुमच्यासारखी. एक वाक्य आणि विषय बंद!

मग काढला ओव्हन. सहाच्या ट्रेचे दोन घाणे, बारा कपकेक, एकेकावर एक अक्षर, म्हणजे तीनदा 'जय भीम'. गणित तुमचंच. पहिल्या घाण्याची वाट लागली, कारण ओवीने बेकिंग पावडर चमच्याऐवजी पळीने घातली. सगळे फुगले, ट्रेबाहेर आले आणि धपकन बसले, म्हणून तिसरा घाणा लावावा लागला. पाच वर्षांच्या मुलीच्या हातात डबा दिला कोणी? मीच.

क्रीम काढताना पंखा बंद, हा तुमचा नियमही पोरींनी मला पाळायला लावला. दुकानांचे बोर्ड रंगवताना तुम्ही पंखा लावू द्यायचा नाहीत, ओल्या रंगावर धूळ बसते म्हणून. ते ठीक. पण कपकेकवर कसली धूळ बसणार होती, अण्णा? उलट एप्रिलच्या उकाड्यात क्रीमच वितळायचं! पण तुम्हाला कोण सांगणार.

फ्लेक्स आले, बोर्डांचं काम थांबलं, आणि तुम्ही दुधाची पिशवी धुऊन, तिचा कोपरा कापून, त्यातून निळं क्रीम काढायला बसलात. नातींना एकच धडा: आधी रेघ, मग अक्षर. "अक्षर रेघेला टांगायचं असतं गं. रेघ अक्षराच्या डोक्यावर ठेवायची नसते." शाळेत नेमकं उलट शिकवतात. मैत्रीच्या वहीत लाल शेरा आला, 'शिरोरेषा शेवटी द्यावी'. तेव्हा तुम्ही चष्मा पुसत विचारलंत, "बाईंनी कधी बोर्ड रंगवलाय का?" मी केवढी चिडले होते! मार्क तिचे जात होते ना.

आता मूळ गोष्ट.

मालाडच्या ऑफिसात मी दिवसभर लोकांनी भरलेल्या फॉर्ममधल्या चुका काढते. ती खोड माझ्याबरोबर घरी येते. तुमच्या अक्षरांचे काने, वेलांट्याही मी दरवर्षी टूथपिकने हळूच सरळ करायचे. पण मागच्या वर्षी तुमचा हात फारच थरथरत होता. 'भी'ची वेलांटी कपकेकवरून खाली कागदावर उतरली होती. तुम्ही पांढरा शर्ट घालायला आत गेलात आणि मी सुरी घेतली. बाराच्या बारा खरवडले, क्रीम सपाट केलं, वर निळ्या साखरेचे मणी टाकले. मान वर केली तर तुम्ही दारात उभे, शर्टाची बटणं लावत.

"नीट केलंस? बरं झालं," एवढंच म्हणालात.

हॉलमध्ये शेजारणी म्हणाल्या, "एकदम दुकानातले वाटतात!" मी खूश झाले. तुम्ही कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून एक खाल्लात आणि कागदाची घडी करून खिशात ठेवलीत.

ओरडला का नाहीत, अण्णा? ओरडला असतात तर मी तिथल्या तिथे माफी मागितली असती. मग पावसाळ्यात तुमचं दुखणं सुरू झालं, आणि हॉस्पिटलच्या धावपळीत केकचा विषय कोण काढणार? हे आपलं सांगायला. खरं म्हणजे मला लाज वाटत होती.

आज पोरींची बारा अक्षरं काढून झाली. रेघा वाकड्या, एक 'य' चक्क उलटा. माझा हात सवयीने सुरीकडे गेला. तेवढ्यात दिसलं, ओवी फ्रॉकच्या घेरात काहीतरी लपवून फ्रीजकडे निघाली आहे. उरलेलं मिश्रण स्टीलच्या वाटीत भाजलं होतं, तो केक.

"काय गं ते?"

"काही नाही!"

"ओवी."

"हा तुला दाखवायचा नसतो. आजोबा म्हणायचे, एक आईपासून लपवायचा. नाहीतर ती नीट करते."

मैत्रीने तिला कोपर मारलं. मी विचारलं, मागच्या वर्षीपण लपवला होता का?

"हो," मैत्री म्हणाली. "त्याच्यावर 'सु' होता. सुजाताचा 'सु'. आजोबा हॉलमधून आल्यावर तुला देणार होते. पण तू बाकीचे सगळे पुसलेस ना. मग म्हणाले, तुम्हीच खाऊन टाका."

मी रडले, अण्णा. ओट्याला टेकून, पोरींसमोरच रडले. ओवीला वाटलं, तिने लपवला म्हणून. घाबरून तिने वाटी माझ्यापुढे धरली. वर 'आ' होता, आजोबांचा. रेघ आधी काढलेली, बरीच तिरपी, आणि तिला अक्षर टांगलेलं. काना सुटून वाटीच्या कडेला लागला होता.

"बघ. पण नीट करू नकोस हं."

नाही केला.

उद्या बाराही कपकेक आहेत तसे हॉलमध्ये जातील, उलट्या 'य'सकट. कोणी काही बोललंच तर सांगेन, आमच्या अण्णांचा हात आहे त्यात. या पोरींच्या अक्षराला माझी सुरी पुन्हा लागणार नाही, हा शब्द देते. आणि पुढच्या वर्षी वाटीतल्या केकवर 'सु' काढून मागणार आहे. वाकडा आला, सांडला, कसाही आला तरी आहे तसा खाईन.

तुमची,
सुजाता