वरचा इंच, खालचा इंच

२८ नोव्हेंबर १८७१

आजही शिट्टी ऐकली! दुपारची कॉफी घेताना. दिसत काही नाही — खिडकीसमोर सूतगिरणीची भिंत, रूळ तिच्या पलीकडे. पाय चालत होते तोवर फाटकापर्यंत जायचो. अर्धांगाच्या झटक्यानंतर तेही संपलं. आता आमचा चंडोल, आम्ही घडवलेलं इंजिन, फक्त ऐकायचा. पण खऱ्या चंडोल पक्ष्याचं तरी वेगळं काय? शाळेत म्हणायचो —

चिमणा कवी नभी दडे,
गाणे तेवढे खाली पडे!

मास्तर मेजावर बोटं वाजवून ठेका धरायचे. इंजिनाला ते नाव दिलं तेव्हा मी एकटाच मनातल्या मनात ही ओळ म्हणत होतो.

२ डिसेंबर

ऑस्विननं जेवताना बातमी आणली. जावई रेल्वेच्या कारखान्यात, बातम्या गरम असतात.

"सासरेबुवा, नव्या वर्षापासून तुमचा इंच गेला! सगळीकडे मीटर. पाव इंच सॉसेज मागाल तर खाटीक हाकलून देईल."

हसलो. मग विचारलं, "आणि इंचातली जुनी इंजिनं?"

"त्यांचे सुटे भाग आता कोण करत बसणार? मोडीत काढतील."

"चंडोल?"

लेकीनं, ओटिलीनं, मध्येच बटाटे वाढले. नको म्हणत असताना वाढले. ऑस्विन म्हणाला, "बघू, बाबा."

बघू म्हणजे काय ते या वयात कळतं.

३ डिसेंबर

काही सुचत नाही.

७ डिसेंबर

बर्फ पडतंय. दिवसभर तो जुना दिवस आठवत बसलो.

आमच्या कारखान्यापासून स्टेशनापर्यंत रूळच नव्हते. म्हणून आमचं वाफेचं इंजिन गाड्यावर चढवलं आणि दारूभट्टीचे घोडे जुंपले! बँड, फुलांच्या माळा, शाळेची पोरं. केम्नित्समधलं झाडून सगळं माणूस रस्त्यावर. घोडे धापा टाकतायत आणि इंजिन मजेत बसलंय, नवरदेवासारखं. स्टेशनात उतरवलं — आणि दोन्ही बाजूंची चाकं रुळांच्या आत! रुळांखालच्या लाकडांवर धपकन! बँड वाजतच राहिला, थांबा म्हणायला कुणाला सुचलं नाही.

इंजिनाचा नकाशा इंग्रजांचा. त्यावर इंच लिहिलेले. आम्ही ते आपल्या मुलखाचे, सॅक्सन इंच धरले. आपला इंच त्यांच्याहून बारीक. एवढाएवढासा फरक, पण साचत साचत पंजाभर झाला. फोरमन टाउबर्ट तिथंच खाली बसून रडला. पुढं आस, चाकं, खालचं सगळं इंग्रजी इंचात नव्यानं केलं. वरचं तसंच राहिलं. वर आपला इंच, खाली परका. तरी काय धावला!

कारखान्यातल्या कुणी त्या दिवसाबद्दल पुन्हा तोंड उघडलं नाही. गावानंही आमची लाज राखली. ऑस्विन तर बाहेरगावचा, त्स्विकाउचा. त्याला काय ठाऊक?

१४ डिसेंबर

आज हात जोडले. खरंच जोडले — एक उचलून दुसऱ्यावर ठेवला.

"जावईबापू, एक कर. चंडोलाची मापं घे. वरची, खालची, सगळी. मी त्यांचे मीटर करून देतो. मग तुमचे साहेब म्हणू शकणार नाहीत की दुरुस्ती होत नाही."

"बाबा, थंडी किती आहे!"

"इंजिनाखाली शिरायला थंडी वाजते होय रे तुला? आम्ही बॉयलरच्या पोटात जेवलोय."

"घेतो. घेतो म्हटलं ना."

दोन इंचांचं मुद्दाम सांगितलं नाही. खाली मोजायला गेला की गोंधळेल, डोकं खाजवत येईल. मग सांगीन. किती वर्षांनी कुणाला तरी सांगून हसता येईल!

२१ डिसेंबर

"मोजलं, बाबा!" दारातूनच ओरडला. "अगदी आसापर्यंत. सगळं आपल्या सॅक्सन इंचात. चोख!"

"आससुद्धा?"

"आससुद्धा. तुमच्या वेळची माणसं पक्की हो!"

ओटिली नाताळचा केक कापत होती. सुरी थांबली.

मी गोष्ट सांगितली नाही.

२२ डिसेंबर

आस आपल्या इंचात असूच शकत नाही. मग हा कुठं शिरला होता? काय मोजलं यानं?

पण शिट्टी तर आजही झाली. तीच. शेवटाला किंचित वर चढणारी. ती मी झोपेतही ओळखीन.

२६ डिसेंबर

सण गेला. ऑस्विननं मला पाठीवर घेऊन चर्चमध्ये नेलं. नको म्हणत होतो. वाटेत फाटक लागतं. तिथं त्यानं उगाच दुसरी गल्ली धरली. पाठीवर बसलेल्यानं काय बोलायचं?

२ जानेवारी १८७२

सकाळी ओटिलीला सरळ विचारलं. ती माझे मोजे चढवत होती. मान वर न करता म्हणाली, "चंडोल इस्टरच्या आधीच मोडीत निघाला, बाबा. तुम्ही अंथरुणाला खिळला होतात. डॉक्टर म्हणाले, धक्का नको. यांनी शिट्टी तेवढी मागून घेतली. कारखान्याच्या बॉयलरला बसवलीय. रोज साहेबांच्या शिव्या खातात आणि वाजवतात."

मग पायाशीच बसून रडली.

दुपारी शिट्टी झाली. संध्याकाळी ऑस्विन बूट काढता काढता म्हणाला, "आज ऐकलात का चंडोल?"

"ऐकला," म्हटलं. "घसा जरा बसलाय त्याचा. तेल घाल."

"घालतो, बाबा," म्हणाला.