खोकी माझी, स्पीकर त्याचे

८ मार्च, रविवार
काल वाटणी झाली. शेत, विहिरीच्या पाळ्या, गाडी-बैल, सगळं बिनबोभाट. पेटलं ते वडिलांच्या, नानांच्या स्पीकरवरून.
पावसाळ्यात नानांनी दोन्ही स्पीकर खोक्यांतून काढले होते, कडा चिकटवायला. मग ते आजारी पडले आणि दिवाळीआधी गेलेच. काल मामांना पडवीत एकीकडे दोन सागवानी खोकी दिसली, दुसरीकडे टॉवेलात गुंडाळलेले स्पीकर. झालं! "खोका मोठाना, स्पीकर धाकलाना. हुई गई वाटनी."
मी म्हटलं, मामा, हे एकच आहे हो, बैल एकाला नि जू दुसऱ्याला असं करू नका. धाकटा लगेच, "मामानी सांगं ते खरं." मग मलाही चढली. म्हटलं, खोकी मी नेणारच. आणली. 
त्याचं नाव लिहायची इच्छा नाही. धा. पुरे.

११ मार्च
माय अक्षय्य तृतीयेपर्यंत, म्हणजे आखाजीपर्यंत माझ्याकडे, तळोद्याला. पुढे धा.कडे गावी. तेही मामांनीच ठरवलं. तिला कुणी विचारलं?
संध्याकाळ झाली की सवयीने खोक्यांसमोर येऊन बसते. खोक्यांना नुसती गोल भोकं. टीव्हीचा आवाज तिला येतो, शब्द येत नाहीत. म्हणून तर नानांनी ही खोकी केली. फुल रेंज स्पीकर, सगळा आवाज एकाच पडद्यातून, वूफर-ट्वीटरची भानगड नाही, माणसाचं बोलणं स्वच्छ. रेडिओवर बातम्या लावायचे, खोक्यात घरच्या कापसाची मूठ टाकायचे आणि मायच्या कानाशी ओरडायचे, "आते समजस का?" तिने वाक्य परत म्हणून दाखवलं तर मूठ आत, नाहीतर बाहेर. कित्येक दिवस हाच उद्योग. यंत्रबिंत्र काही नव्हतं. माय होती.
आणि तो शहाणा म्हणतो, मामांनी सांगितलं ते खरं.

१५ मार्च, रविवार
नंदुरबारहून नवे स्पीकर आणले, त्याच मापाचे. दुकानदार म्हणाला, बास एक नंबर आहे. बसवले. बातम्या लावल्या. मायने दोन्ही हात कानांवर ठेवले. "डोकामा भोंगा वाजी ऱ्हायना. शब्द कोठे शेत?"
माप जुळलं म्हणजे जुळलं असं नसतं. मी मोटारी रिवाइंड करून पोट भरतो, एवढं तरी मला कळायला पाहिजे होतं. काढले. आता दुकानदार परत घेत नाही. गेला खड्ड्यात.

२४ मार्च
गावी गेलो होतो, सातबाऱ्याच्या कामाला. फाट्यापासूनच केकाटणं ऐकू आलं. धा.ने नानांचे स्पीकर डीजेवाल्याच्या फुटक्या प्लायच्या खोक्यात घातलेत, मागची फळीसुद्धा नाही, आणि ओट्यावर ठेवून लग्नाची गाणी! पडदे नुसते थडथडत होते. नाजूक कागद तो. मी रस्त्यावरूनच ओरडलो, फाटतील अरे! म्हणाला, "मन्हा शेतस. वाजाडसू नहीतर फोडसू."
अख्खी गल्ली बघत होती. सातबारा न घेताच परत आलो.

२ एप्रिल
मंगल म्हणते, तुम्हीच खोकी नेऊन द्या ना त्याला, मायला ऐकू आल्याशी मतलब. बायकोसुद्धा त्याच्या बाजूची! मी का देऊ? मोठा मी. त्याने आणून द्यावेत. जेवलो नाही. मग भूक लागली, जेवलो.

१० एप्रिल
ताईचा फोन. सुरतेहून आखाजीला येतेय. नानांच्या नावाने पाण्याची पहिली घागर भरायची, गावच्या घरीच, आणि ती मी भरायची, मोठा म्हणून. मी म्हटलं, धा. घरात असेल तर मी पाय ठेवणार नाही.  ती म्हणाली, "खोका तुन्हा, स्पीकर त्यान्हा. आनि मायना कान कोन्हा वाट्याले उनात रे?"
फोन ठेवून दिला मी.

१४ एप्रिल
आज तर कहर. दुकानातून आलो तर माय वाती वळत बसलेली, समोर ही रास. नानांच्या दिव्यासाठी. कापूस कुठला? दोन्ही खोक्यांतला! मागच्या फळ्या उघड्या, आत खडखडाट.
मी जन्मात तिच्यावर असा ओरडलो नव्हतो. मूठ मूठ मोजून-मापून भरलेला कापूस, ते माप फक्त नानांना ठाऊक! तिला माझं ओरडणं धड ऐकूही आलं नाही. माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "तुन्हा बापना हातना कापूस शे. त्यानाच दिवाले लागना. काय बिघडनं?"
राग आला, रडूही आलं. आता खोकी नुसती लाकडं. ते स्पीकर असल्याशिवाय पुन्हा जुळवायचीसुद्धा सोय नाही.

१९ एप्रिल, आखाजी
जीपमध्ये बसलो तर मागे दोन्ही खोकी, चादरीखाली. मंगलने चढवलेली, मला न विचारता. भांडायला वेळ नव्हता, घागरीची वेळ चुकली असती.
घागर भरली. वर खरबूज ठेवलं. धा. शेजारी उभा होता, तोंड फिरवून.
जेवणं झाल्यावर बाहेर आलो तर तो ओट्यावर, खोक्यापाशी उकिडवा. एक स्पीकर बसवला होता. एकच. दुसरा आतून आणलाच नाही. खोकं उघडं बघून तोंड वाकडं केलं, घरातून कापसाचं बोचकं आणलं. ताईने रेडिओ जोडला, मायला समोर बसवलं.
मी म्हटलं, "माय, याला सांग, एक मूठ कमी कर." माय म्हणाली, "काय म्हनस?" तो म्हणाला, "माय, त्याले सांग, फळी सरळ धर." तिला तेही ऐकू आलं नाही. दोन-तीनदा असं झालं. शेवटी माझं डोकंच फिरलं. त्यालाच ओरडलो, अरे काढ ना मूठ! तो म्हणाला, तू आधी फळी धर!
मूठ आत, मूठ बाहेर. प्रत्येक वेळी तिच्या कानाशी, समजस का? ती मान हलवायची. "आजून नही." उन्हं उतरली तरी आजून नही. धा. घामाघूम. माझे हात भरून आले. म्हटलं, नानांची सर नाही आम्हाला. 
बातम्या संपल्या. माय उठली, आत गेली. मी पाणी प्यायला मागोमाग गेलो तर मंगलला सांगत होती, "कुरडाया घरमा ले. सकाय पानी शे म्हने."
आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. उद्याच्या पावसाचं शेवटच्या बातम्यांत सांगितलं होतं, एकदाच, हळू आवाजात.
म्हातारी लबाड आहे! दुपारभर आम्हाला बैलासारखं राबवलं. इतका संताप आला की तिथेच जाब विचारणार होतो. नाही विचारला. धा.लाही सांगितलं नाही. दुसरा स्पीकर देणार की नाही, तो बोलला नाही. माय गावीच राहिली, ठरल्याप्रमाणे. 
जीप निघताना धा. खिडकीशी आला. दुसरीकडे बघत म्हणाला, "सकाय किती वाजता येस?"