रविवारचा सिनेमा, सोमवारची आखणी

पेण, मंगळवार,
जेवणाच्या सुट्टीत

प्रिय पांडू,

रोह्यात वहिनींच्या हातचं जेवून खुर्चीत पाय पसरून बसलेल्या माझ्या जुन्या दोस्ताला पेणहून सखाचा रामराम. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. तिकडे तुम्हीही मजेतच असणार, कारण काही बिनसलं असतं तर तू आत्तापर्यंत चारदा निरोप धाडून माझं डोकं खाल्लं असतंस. वहिनींचा गुडघा कसा आहे? तुझी साखर कुठवर आली? नातू बोलायला लागला का, की तू त्याला मधे बोलूच देत नाहीस?

अक्षर बघून दचकू नकोस. हे मनालीचं अक्षर आहे. रामवाडीची मनाली, आमच्या कारखान्यात गणपतींचे शेले आणि पितांबर रंगवते, बारा वर्षं झाली. माझे दोन्ही हात रंगाने भरलेत म्हणून मी बोलतोय आणि ती लिहितेय. फोन करता आला असता, पण आमच्या साईराजशेठने सीझन संपेपर्यंत सगळ्यांचे मोबाईल ऑफिसच्या कपाटात कोंडलेत. का कोंडलेत ते पुढे येईलच. पत्र दिनेशच्या टेम्पोतून पाठवतोय. तो संध्याकाळी मूर्ती घेऊन रोह्याला निघतोय, तेव्हा रात्रीच्या जेवणाआधी तुझ्या हातात पडेल.

तर पांडू, येत्या शुक्रवारी माझा आखणीचा पाट राहणार की जाणार याचा निकाल आहे. एकतीस वर्षं मी त्या पाटावर बसून गणपतींचे डोळे काढले. साईराजच्या वडिलांनी मला तिथे बसवलं तेव्हा साईराज शाडूच्या गोळ्याचे बैल करून खेळत होता. आता तोच मला सांगतो की काका, तुमच्या सिनेमांमुळे कारखान्याचं नाव जातंय. माझ्या जागी कोणाला बसवणार आहे, तर मनालीला. (हे वाक्य लिहायला मनाली तयार नव्हती. मी म्हटलं, माझं पत्र आहे, मी सांगेन ते लिही. तिने लिहिलं, पण चेहरा कडू करून.)

आता तुला ठाऊकच आहे, दर रविवारी एक सिनेमा हा माझा नेम तू पेण सोडून गेलास तरी मोडला नाही. आणि तुला हेही ठाऊक आहे की सिनेमा माझ्या अंगात मुरतो. तू बाहेर येऊन भजी कुठे मिळतील ते बघायचास, आणि मी बुधवारपर्यंत त्या सिनेमातच राहायचो. इतकी वर्षं त्याचा कोणाला त्रास नव्हता. या वर्षी मात्र रविवारी बघितलेला सिनेमा सोमवारी कुंचल्यातून उतरायला लागला.

सुरुवात भुताच्या सिनेमाने झाली. सिनेमा जबरदस्त, पण काय अंधारात काढला होता म्हणून सांगू. हल्लीच्या लोकांना दिवे लावायला काय होतं कळत नाही. तरी लोक ओरडले तेव्हा मी इतका ओरडलो की पुढच्या रांगेतल्या बाईने आपलं पोर माझ्यापासून लांब बसवलं. सोमवारी पाटावर बसलो आणि सवयीने हात चालवला. पापणी, भुवई, बुबुळ आणि शेवटी तो पांढरा ठिपका, ज्याने मूर्ती बघायला लागते. आठ दिवसांनी कासू गावचे एक गृहस्थ मूर्ती परत घेऊन आले. आगाऊ नेऊन ठेवली होती बिचाऱ्यांनी. त्यांची पाच वर्षांची नात मूर्तीसमोर बसेना. म्हणायची, "बाप्पा माझ्या मागं कोणाला बघतोय?" घरातली मोठी माणसंसुद्धा मागे वळून बघायला लागली होती. साईराजने हात जोडून मूर्ती बदलून दिली आणि माझ्याकडे असं बघितलं की त्याचेच डोळे आखायला घ्यावेसे वाटले.

मग मारधाडीचा आला. त्यात एक माणूस अख्खा बाजार एकटा झोपवतो आणि त्याच्या शर्टाची इस्त्री मोडत नाही. मला असले सिनेमे मनापासून आवडतात. आपल्याला आयुष्यात एकालाही धक्का मारता आला नाही, मग कोणीतरी आपल्या वतीने मारतोय हे बघून बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी ज्या भुवया निघाल्या त्या थेट कपाळाला जाऊन भिडल्या. तीस मूर्ती ओळीने बसल्या होत्या आणि सगळ्या कोणाची तरी कॉलर धरायच्या बेतात होत्या. साईराज पुसायला सांगणार इतक्यात डोलवीच्या मंडळाची पोरं आली, त्यांना त्या भलत्याच आवडल्या आणि कंपनीत शिफ्टला जायच्या घाईत एक मूर्ती ठरवूनही गेली. मी साईराजला म्हटलं, बघ. त्याने काहीच बघितलं नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी घरगुती सिनेमा. म्हातारे आईवडील, परदेशातला मुलगा, दारातली तुळस, सगळं होतं. मी रडायला लागतो तेव्हा आमची सरू मला रुमाल देत नाही, आपला पदर आवरून घेते. तिचं म्हणणं, एवढं आपल्या लग्नात माझ्या वडिलांचा निरोप घेताना मीसुद्धा रडले नव्हते. पण मला सांग, आई दारात उभी आणि मुलगा गाडीत बसतोय हे बघून ज्याच्या डोळ्यांत पाणी येत नाही तो माणूस कसला? त्या आठवड्यातले गणपती इतके गहिवरलेले निघाले की एक बाई साईराजला म्हणाल्या, शेठ, आणायच्या दिवशीच विसर्जनाचं तोंड कशाला? (मनाली इथे हसली. तिला हसू येतं ते फक्त माझी फजिती होते तेव्हा.)

प्रेमाच्या सिनेमाचं थोडक्यात सांगतो, कारण सरूला त्याची माहिती नाही. एकटाच गेलो होतो. गाणी गोड होती. फक्त हल्लीच्या कॅमेऱ्यावाल्यांना एक खोड लागलीय, जिथे दिवा दिसेल तिथे त्याच्याभोवती धुकं सोडायचं. नायिका कशी होती म्हणशील तर आवाजाने फार चांगली होती. त्या सोमवारच्या सगळ्या गणपतींची नजर कलती झाली आणि प्रत्येक जण आपल्याच हातातल्या मोदकाकडे चोरून बघायला लागला. मला तर वाटतं की खऱ्या बाप्पाची नजर तशीच असणार. साईराजला तसं वाटलं नाही.

आणि खुनाचा सिनेमा तर विचारूच नकोस. मी मध्यंतरातच खुनी ओळखला आणि शेजाऱ्याला सांगितला. तो म्हणाला, काका, तो इन्स्पेक्टर आहे. आता सगळ्यांनीच दाढ्या ठेवल्यावर माणसाने ओळखायचं कसं? दुसऱ्या दिवशी माझ्या हातून एकेक डोळा बारीक निघाला. साईराज रांगेसमोरून चालत गेला आणि अर्ध्यावर थांबून म्हणाला की हे सगळे माझ्यावर संशय घेतायत. त्याच दिवशी मोबाईल जप्त झाले, कारण त्याला कोणीतरी सांगितलं की मी जेवणाच्या सुट्टीतही मोबाईल कानाला लावून सिनेमे ऐकतो. (कोणीतरी म्हणजे कोण ते विचारू नकोस. पेन तिच्या हातात आहे.)

तेव्हा त्याने हुकूम सोडला, "काका, एकतर सिनेमा, नाय तर आखणी." मी आखणी निवडली. दोन रविवार घरी बसलो, पांडू, माझ्या आयुष्यात प्रथमच. सरूने पहिल्या रविवारी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. दुसऱ्या रविवारी तिने मला लसूण सोलायला बसवलं आणि मी निमूट सोलला. एवढा त्याग करून सोमवारी पाटावर बसलो, तर एका मूर्तीचा एक डोळा पेणकडे आणि दुसरा रोह्याकडे. मी साईराजला समजावलं की हा सिनेमा सोडल्याचा परिणाम आहे, शरीराला सवय असते. तो मूर्ती उचलून आत घेऊन गेला. ओरडला असता तर मी चार शब्द परत ऐकवले असते, पण त्या दुपारी मला डबा गेला नाही.

मंगळवारी, म्हणजे आज सकाळी, त्याने सांगितलं. रोह्यातल्या तुमच्या आळीच्या मंडळाची चार फुटी मूर्ती शुक्रवारी आखायला घ्यायची आहे. ती मी आखायची, सगळ्यांसमोर. साधली तर पाट माझा. नाही साधली तर मी शाडू भिजवायला जायचं आणि पाट मनालीचा. मला शाडू भिजवण्यात कमीपणा नाही, माझी सुरुवात तिथेच झाली होती. पण संध्याकाळी शेवटच्या मूर्तीला ठिपका दिला की तिने पहिल्यांदा बघितलेला माणूस मी असतो, आणि ते मला सोडवत नाही.

तेव्हा तू असं कर. तू त्या मंडळाचा जुना माणूस आहेस. मूर्ती कुठवर आली ते बघायला आलो, असं सांगून शुक्रवारी सकाळी पेणला ये आणि साईराजला चार शब्द समजाव, की कलावंताला सिनेमा लागतो, आणि एका माणसाच्या पाटावर दुसऱ्याला बसवणं बरं नव्हे. तुझं तो ऐकेल. वहिनींना नमस्कार, नातवाला गालगुच्चा. आमच्याकडून सरूचा तुम्हा दोघांना नमस्कार.

तुझाच,
सखा

ता. क. : मनाली म्हणते, तिचाही नमस्कार लिहिते. लिहू दे.

ता. क. आणखी एक : मनाली चहा आणायला गेलीय. हे मी स्वतःच्या हाताने लिहितोय. अक्षर मोठं आहे, ओळी वर खाली गेल्या असतील, सांभाळून घे. पांडू, माझा उजवा डोळा शिमग्यापासून कामाचा राहिलेला नाही. डावाही त्याच्याच वाटेला लागलाय. त्या भुताच्या सिनेमात मी भूत बघितलंच नाही रे. लोक ओरडले म्हणून ओरडलो. सिनेमाचं नाव पुढे करतो कारण सिनेमाचा वेडा म्हणून लोक हसतात, आंधळा म्हटलं की पाटावरून उठवतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं बोलू नकोस. तुझं मागच्या वर्षी झालं आणि तू म्हणालास करताना काही कळतसुद्धा नाही, पण तू शाळेपासून खोटं बोलतोस. मी एकतीस वर्षं डोळ्यांवर कुंचला चालवलाय. किती कसलेला असला तरी माणसाचा हात किती हलतो ते मला ठाऊक आहे. मला भीती वाटते. म्हणून माझं खरं काम हे, की शुक्रवारी तू माझ्या मागे उभा राहा. कुंचला वर जायला लागला की एकदा खोक, खाली गेला की दोनदा. एवढं एक सीझन निभावून ने. मनालीला कळू देऊ नकोस. आली ती.

ता. क. मनालीकडून : पांडूभाऊ, नमस्कार. काकांनी पत्र घडी घालून पाकिटात टाकायला माझ्याकडेच दिलं, पण लिहिलेली बाजू बाहेर ठेवून. तेव्हा मी वाचलं यात माझा दोष नाय. तसंही मला गेले दोन महिने माहीत आहे. ते घरी गेले की मी रोज मूर्तींचे उजवे डोळे पुसून परत काढते. डावे त्यांचेच ठेवते, अजून तसे मला जमत नाहीत. परत आलेल्या मूर्ती म्हणजे माझ्या नजरेतून सुटलेल्या. शेठना सगळं माहीत आहे. शुक्रवारची धमकी आम्ही दोघांनी मिळून ठरवली, कारण नुसतं सांगून काका डॉक्टरकडे जात नाहीत. पाट मला हवा आहे, खोटं कशाला बोलू, पण ज्यांनी मला आखणी शिकवली त्यांना असं उठवून नको. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ परवा गुरुवारी सकाळी अकराची घेतली आहे, सरूकाकू येणार आहेत. तुमची मूर्ती शेठ थांबवून ठेवतील, ऑपरेशन होऊन काकांची पट्टी सुटून हात बसेपर्यंत. शुक्रवारी खोकायला येऊ नका, गुरुवारीच या, आणि सिनेमाला चल असं सांगून त्यांना बाहेर काढा. दवाखान्यावर मोठी पाटी आहे, पण त्याची काळजी करू नका. ती त्यांना दिसणार नाय.