कथिल-बिस्मथच्या आलेखातल्या तुटक रेषेची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका, वय वर्षे चौऱ्याहत्तर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाबद्दल मात्र ते म्हणाले, "तसं घाबरण्यासारखं काही नाही, बाई," आणि लगेच खिडकीबाहेर बघायला लागले. म्हणून आजच लिहायला बसले.

कलम १. राहतं घर. मला एक मुलगा, एक मुलगी. वाटणी मी तरफेच्या नियमाने करते. फेज डायग्राममध्ये, म्हणजे कुठलं मिश्रण किती तापमानाला वितळतं-गोठतं त्या आलेखात, मिश्रण दोन टोकांच्या मधे कुठेतरी असतं. ते ज्या टोकाच्या जवळ, त्या टोकाचा भाग जास्त. हिशेबाला मात्र समोरच्या बाजूची लांबी धरायची. चिरंजीव परीक्षेत जवळची बाजू धरून बसले आणि आईच्याच विषयात आपटले. आता मुलगी मागच्या गल्लीत राहते, रोज डोकावून जाते. चिरंजीव विमानाने येतात. तेव्हा मुलाच्या अंतराइतका वाटा मुलीचा, मुलीच्या अंतराइतका मुलाचा. म्हणजे घर मुलीला आणि जिन्याखालचं पुस्तकांचं कपाट मुलाला. बाळा, रुसू नकोस. या खेपेला तरी बाजू नीट धर.

कलम २. मागच्या खोलीतला एक्झॉस्ट फॅन शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांना. माझी भट्टी पेटली की कुंपणावरून "बाई, आज काय जाळताय?" असं विचारल्याशिवाय त्यांना चहा गोड लागला नाही. आता फॅन त्यांनी आपल्या बायकोच्या स्वयंपाकघरात लावावा. विचारायचं धाडस तिथे करून दाखवावं.

कलम ३. छोटी भट्टी, सूक्ष्मदर्शक, उरलेलं कथिल आणि बिस्मथ. हे सगळं माझ्या धाकट्या भावाला, ऊर्फ पट्टीबहाद्दराला. तो मला ठिपकेबाई म्हणतो. म्हणजे म्हणायचा. कित्येक वर्षांत आम्ही बोललेलो नाही.

कथिल-बिस्मथचा आलेख आम्ही दोघांनी मिळून याच भट्टीवर काढला. दोन धातू वेगवेगळ्या प्रमाणात वितळवायचे आणि थंड होताना तापमान लिहीत जायचं. उतरण जिथे एकदम मंदावते, तिथे गोठायला सुरुवात झाली असं समजायचं. तो आकडे ओरडून सांगायचा, मधेच बेसूर गायचा, आणि मी लिहायची. प्रत्येक मिश्रणाचा तो बिंदू कागदावर मांडत गेलो. दोन्हीकडून रेषा खाली उतरत एका जागी भेटल्या. दोन्ही धातूंपेक्षा कमी तापमानाला वितळणारं मिश्रण सापडलं तेव्हा या गड्याने मला उचलून गरकन फिरवलं होतं. चाळिशीतली बाई मी!

भांडण झालं ते खालच्या कोपऱ्यावरून. घट्ट कथिलात बिस्मथ किती सामावतो, ती रेषा. ती शोधायला धातू वितळवून उपयोग नसतो. नमुने मंद, एकसारख्या उबेत महिनोन्‌महिने ठेवायचे, मग कापून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. आम्ही वरचे दोन बिंदू मोजले. त्याखाली मी रेषा तुटक ठेवली, कारण मोजलेलं नाही ते तुटकच काढायचं असतं. याने पट्टी लावली, सरळ तळापर्यंत ठणठणीत रेघ ओढली आणि दोघांच्या नावाने तक्ता छापायला दिला. मी म्हटलं, "हे थापा मारणं झालं." तो म्हणाला, "ताई, तुझ्याने काही पुरं होत नाही." झालं. दोघांनीही तोंडं फिरवली.

अट एकच: त्याने त्या रेषेखालचे नमुने लावावेत आणि खरं काय ते बघावं. माझं चुकलं निघालं तरी चालेल. मला त्याची फार आठवण येते. हे वाक्य खोडा, असं वकील म्हणाले. मी खोडणार नाही.

पुरवणी, सहीपूर्वी. वरील मजकूर वकिलांमार्फत भावाकडे पाठवला होता. आज तो स्वतःच आला. काठी टेकत, तोंड वाकडं करून. दुसऱ्या साक्षीदाराची जागा रिकामी बघून म्हणाला, "आणा इकडे पेन."

वकील म्हणाले, "अहो, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. सही केलीत तर भट्टी हातची जाईल."

"जाऊ दे की. ही गेल्यावर मी एकटा इथे आकडे कुणाला ओरडून सांगू? भिंतीला?" मग माझ्याकडे वळून, "ताई, कथिल कुठे ठेवलंयस? नमुने आजच लावू. नीट मुरायला वर्ष तरी जाईल. तोवर कुठे जायचं नाही, सांगून ठेवतो."

मी म्हटलं, "बरं."

कलम ३ रद्द.

सही: मोठी बहीण.
साक्षीदार १: डॉक्टर. (या खेपेला माझ्याकडे बघून सही केली.)
साक्षीदार २: धाकटा भाऊ.
स्थळ: मागची खोली.
दिनांक: रविवार, नमुने भट्टीत ठेवल्याचा पहिला दिवस.